पाच स्टारचा आधारपट्टा

४ फेब्रुवारी

कारखाना बंद पडून घरी बसलो तेव्हापासून वही लिहायची म्हणत होतो. आज मुहूर्त लागला, कारण आज आधारपट्ट्याला पहिला रिव्ह्यू आला. पाच स्टार!

आधारपट्टा म्हणजे कमरेला बांधायचा रुंद पट्टा. दोन्ही बाजूंना आणि पाठीशी मुठी. आजारी माणसाला पलंगावरून उठवायचं तर काखेत हात घालून ओढावं लागत नाही, मुठी धरल्या की झालं. मागच्या वर्षी आईच्या पायांतलं बळ गेलं, तेव्हा मी तिच्यासाठी पहिला शिवला. बॅगांच्या कारखान्यात हयात गेली. मुठी आणि पट्ट्या शिवणं म्हणजे माझ्या हातचा मळ.

हा विकायचा, ही कल्पना मेहुण्याची. हिचा धाकटा भाऊ. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो कुजबुजला तरी शेजारी मान वळवतात. त्याने फोटो काढले, ऑनलाइन दुकानात लावले. शिवणं माझ्याकडे, बोलणं त्याच्याकडे.

रिव्ह्यू असा: ‘एक नंबर वस्तू! तोफ आहे तोफ! डोळे झाकून घ्या!’

पट्ट्याचा आणि तोफेचा काय संबंध ते कळलं नाही, पण मनापासून लिहिलंय. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “कोण रे हा? आपल्या भोंग्यासारखा बोलतो.”

मी म्हटलं, “आजकाल सगळेच असं बोलतात.”

११ फेब्रुवारी

रिव्ह्यू येतच आहेत. सगळे पाचवाले. एक बाई लिहितात, पट्ट्यामुळे त्यांच्या सासूबाई सहा महिन्यांत जिना चढायला लागल्या. आपण विकायला लागून महिनासुद्धा झालेला नाही. घाईत लिहिलं असेल. आणखी एकाला ‘लाल रंग फार आवडला’. मी फक्त निळे शिवतो. मोबाइलवर रंग फिरतात म्हणे.

आज मशीनवर बसून शीळ वाजवत होतो, ते माझं मलाच कळलं नाही. मान वर केली तर ही दारात उभी. दवाखान्यातून नुकतीच आली होती. ती दाताच्या डॉक्टरांकडे भेटीच्या वेळा देते. म्हटलं, “काय झालं?” “काही नाही,” म्हणाली आणि पर्स घेऊन आत गेली. चेहरा मात्र बरा दिसला.

१५ फेब्रुवारी

एका गिऱ्हाइकाने विचारलं, पट्टा वजन किती पेलतो? उत्तर अंदाजे द्यायचं नाही, ही कारखान्याची शिस्त. वाळूची गोणी भरली, तिला पट्टा आवळून बांधला आणि मुठींनी मागच्या खोलीच्या आढ्याला टांगली. दिवसभर तशीच. संध्याकाळपर्यंत पट्टा तसूभर सरकला नाही. भोंग्याने गोणीचा फोटो काढला.

एक गंमत. ही आईला पट्टा बांधते तेव्हा उरलेल्या टोकाची बकलापाशी गाठ मारते. मी म्हटलं, “अगं, बकल असताना गाठ कशाला?” “असू दे,” म्हणाली. हिला सगळ्यालाच गाठी मारायची सवय. बिस्किटाच्या पुड्यालासुद्धा मारते.

२१ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा चार स्टार आले.

‘पट्टा चांगला आहे. शिवण पक्की आहे. उरलेल्या टोकाला बकलापाशी गाठ मारून वापरावा, नाहीतर माणूस वाकला की ढिला होतो. बनवणारा मन लावून काम करतो हे दिसतं.’

म्हणजे गाठी मारणारे हिच्याशिवाय आणखीही आहेत जगात! न मिळालेला तो एक स्टार दिवसभर डोळ्यांत कुसळासारखा खुपत राहिला. जेवताना हिला म्हटलं, “हा माणूस अर्धवट दिसतो. गाठच मारायची तर मी बकल कशाला लावलं?”

“असेल अर्धवट,” ही म्हणाली आणि भांडी घासायला उठली. पातेलं जरा जोरातच ठेवलं. दवाखान्यात कुणी डोकं खाल्लं असेल.

भोंग्याचं म्हणणं, “दाजी, चारवाले खाली सरकतात. लोक वरचे पाचवालेच वाचतात. तुम्ही शिवत राहा.”

९ मार्च

एक स्टार.

‘वडिलांना खुर्चीतून उठवताना पट्टा सुटला. वडील पडले. मनगट मोडलं. ते पुढे वाकले की बकल तिरकं होतं आणि पट्टी सरकते. घेऊ नका.’

हातातली कात्री खाली ठेवली. भोंग्याला बोलावलं. तो आला, वाचलं आणि हसला.

“दाजी, हा धंद्यातला डाव आहे. दुसरे पट्टेवाले आपल्यावर जळतात.”

“पण मनगट मोडलं म्हणतोय.”

“मनगट लिहायला काय लागतं? मी लिहितो, मान मोडली. तुम्ही गोणी टांगली होती ना? सरकला होता?”

“नाही.”

“मग! शेवटचं वाक्य बघा. ‘घेऊ नका.’ ज्याचा पट्टा निकामी निघाला तो पैसे परत मागेल. ‘घेऊ नका’ कोण म्हणेल? ज्याला स्वतःचा विकायचाय तो.”

मला पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला मी तयारच होतो.

ही सगळं ऐकत होती. भोंगा गेल्यावर म्हणाली, “एकदा फोन करून बघा की त्यांना.” मी म्हटलं, “शत्रूला कोण फोन करतं?”

११ मार्च

उडाला. भोंग्याने आणि त्याच्या मित्रांनी ‘खोटा अभिप्राय’ म्हणून तक्रारी केल्या आणि ऑनलाइन दुकानाने तो एक स्टारवाला काढून टाकला. आज दोन घास जास्त गेले.

हिने विचारलं, “आणि खरा असला तर?” मी उठलो. मशीनला तेल घालायचं होतं.

१४ मार्च

भोंगा परगावी गेलाय. जाताना म्हणाला, गिऱ्हाइकांचे प्रश्न तुम्हीच बघा. सकाळी उघडलं तर पहिलाच प्रश्न:

‘माझा अभिप्राय कोणी काढला? मी खोटं कशाला लिहीन? वडिलांचा हात प्लॅस्टरमध्ये आहे. मला पैसे परत नकोत. मी लिहिलेलं परत लावा.’

पैसे नकोत, लिहिलेलं परत लावा. असा कसला शत्रू?

मन थाऱ्यावर आणायला म्हणून मी आपले पाच स्टारवाले पहिल्यापासून वाचायला घेतले. ओळीने सगळे. आजवर मी त्यांतले स्टार वाचत होतो, आज मजकूर वाचला. एकाही घरात कुणाचं काही दुखत नव्हतं. कुणाला उठवतात, पलंगावरून की खुर्चीतून, मूठ हाताला लागते का, धुतल्यावर पट्टा आटतो का, एक अक्षर नाही. नुसतं अप्रतिम, जबरदस्त, तोफ. आणि त्या काढून टाकलेल्या चार ओळींत खुर्ची होती, वाकणं होतं, बकल कसं तिरकं होतं ते होतं. वस्तू हातात धरल्याशिवाय असं लिहिता येत नाही. हे मला कळायला हवं होतं. कारखान्यात परत आलेल्या बॅगा तपासणारा मीच होतो.

भोंग्याला फोन लावला. विचारलं, “हे पाचवाले कोण आहेत?”

“गिऱ्हाइकं.”

“लाल पट्टा घेतलेलं कोण?”

मग म्हणाला, “दाजी, माझा सकाळी फिरायला येणारा ग्रुप आहे ना, त्यांनी जरा हातभार लावला. सगळेच लावतात. आपल्या ताकाला आंबट कोण म्हणतं?”

“पण ताक न पिताच गोड म्हणाले की रे.”

“मग काय, दुकान रिकामं ठेवायचं? आधी चार माणसं दिसली तरच पाचवा आत येतो!” आणि मग, त्याच्या मानाने हळू आवाजात, “तुम्ही खूश होता, दाजी. कारखाना गेल्यानंतर पहिल्यांदा.”

मी फोन ठेवला.

१५ मार्च

सकाळी आईला उठवायच्या वेळी हिला म्हटलं, आज मी बांधतो. पट्टा बांधला. गाठ मारली नाही.

आई पलंगाच्या कडेला आली, पाय टेकले, उठण्यासाठी पुढे वाकली. पोटाची घडी बकलाच्या खालच्या कडेला लागली, बकल तिरकं झालं आणि पट्टी सरसर सुटली. मुठी माझ्या हातात, आई माझ्या हातात नाही. पण ती पडली नाही. तिने आधीच माझा खांदा घट्ट पकडला होता. पट्टा सुटायच्या आधी.

“आई, तुला माहीत होतं?”

“सरकतो रे तो थोडा,” ती म्हणाली. “पण गाठ असली की नाही सरकत.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू एवढा जीव ओतून केलास. आणि ती मारते की गाठ.”

ही दारात होती. मी तिच्याकडे वळलो. “तूसुद्धा? मला एका शब्दाने सांगायचं नाही?”

“सांगितलं होतं.”

“कधी?”

“लिहिलं होतं मी. तुम्ही वाचता तिथे.”

मला उलगडायला वेळ लागला. चार स्टार. मन लावून काम करतो. अर्धवट माणूस.

“तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही महिनाभर मशीनला हात लावला नसता,” ती म्हणाली. “कारखाना गेल्यावर तुम्ही पडदे ओढून बसून असायचात ते मी बघितलंय. वाटलं, परक्याचं म्हणून तरी ऐकाल. तुम्ही मलाच अर्धवट म्हणालात.”

आईला धरून खुर्चीत बसवलं. गोणी अजून मागच्या खोलीत पडून होती, तिला एक लाथ घातली. गोणी वाकत नाही. मी वाळूला विचारत बसलो आणि घरातल्या माणसाला विचारलं नाही.

१७ मार्च

विक्री बंद केली. भोंगा धावत आला. आम्ही इतके भांडलो की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. तो म्हणे, “बकल बदला, पण बोभाटा कशाला?” मी म्हटलं, “जे पट्टे गेलेत ते कुणाच्या तरी कमरेला आहेत.”

पार्सलं मीच बांधली होती, पत्ते आणि नंबर होते. काल आणि आज एकेकाला फोन केले. खरी गिऱ्हाइकं रिव्ह्यूंपेक्षा कमी निघाली. एकाने पट्टा अजून उघडलाच नव्हता. एक बाई तो म्हाताऱ्या कुत्र्याच्या मागच्या पायांना बांधतात. कुत्रा समाधानी आहे म्हणाल्या. एक आजोबा चिडले, “विकून झाल्यावर फोन करताय?” बरोबरच होतं त्यांचं.

एक गृहस्थ सहज म्हणाले, “हो, सरकतो ना. आम्ही सेफ्टी पिन लावतो.”

“मग लिहिलं का नाहीत?”

“एवढे सगळे चांगलं म्हणत होते. वाटलं, आम्हालाच बांधता येत नाही.”

हे वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

एकच फोन करायचा राहिलाय. तो फोन करण्यासारखा नाही, जाण्यासारखा आहे.

२० मार्च

जाऊन आलो. एक स्टार देणाऱ्या त्या बाईंचं चष्म्याचं दुकान आहे, वर घर. मी कोण ते सांगितलं. त्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होत्या. ते काम पुरं केलं, गिऱ्हाईक गेलं, मग म्हणाल्या, “बोला.”

मी माफी मागितली. बकल चुकीचं आहे, तुम्ही लिहिलं ते अक्षरन् अक्षर खरं आहे, हेही सांगितलं.

“पट्टा सुटला त्याचा राग नाही,” त्या म्हणाल्या. “वस्तू चुकते. माझ्याही फ्रेम चुकतात. पण तुम्ही मला खोटं ठरवलंत. तो रिव्ह्यू मी तुमच्यासाठी लिहिला नव्हता. पुढच्या माणसासाठी लिहिला होता.”

“हो.”

“आणि मी घेतला तो कसा? ते पाच स्टार बघूनच. गाठ मारा असं एकाने लिहिलं होतं, तेही वाचलं होतं. म्हटलं, एकटाच कुरकुरतोय. बाकीचे कुठे काय म्हणतायत?”

ते कुणी लिहिलं होतं, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

वर गेलो. वडील खिडकीपाशी खुर्चीत, हात गळ्यात बांधलेला. आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलेला माणूस. नजर अजून समोरच्या काचेत असल्यासारखी. मुलीने ओळख करून दिली.

“अच्छा. हे का ते बिनब्रेकचे?” म्हणाले.

पडल्यापासून ते कुणाच्या हाताने उठत नाहीत. पट्टा नको, मुलगी नको, कुणीच नको. उठायचं म्हटलं की खुर्चीचे हात घट्ट धरतात. जेवणही तिथेच. हाड जुळेल म्हणतात डॉक्टर, पण भीती बसलीय. मी नवा पट्टा आणून देतो म्हणालो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुम्ही स्वतः कधी बांधलाय का तो? कुणी उचललंय तुम्हाला?”

नाही. एवढे शिवले, पण एकदाही नाही.

२ एप्रिल

नवं बकल लोखंडी आहे, आत दाते असलेलं. तिरकं केलं तरी दाते पट्टी सोडत नाहीत. ते शोधायला आणि पट्टीची वीण त्याला जुळवायला हे दिवस गेले. गोणी टांगली नाही. स्वतःच्या कमरेला बांधलं, खुर्चीत बसलो, हिला आणि भोंग्याला म्हटलं, उठवा. मी पाय ढिले सोडणार, पुढे वाकणार, मध्येच अंग टाकणार.

दुसऱ्याच्या हाती आपलं वजन जातं म्हणजे काय होतं, ते आज कळलं. जमीन लांब वाटते. आईला हे रोज होतं. भोंग्याने जरा घाईने ओढलं तेव्हा मी ओरडलोच. बकल सुटलं नाही, पण मूठ बरगडीला लागली. ती दोन बोटं खाली घेतली.

आईने बांधून पाहिला. “चांगला आहे,” म्हणाली. मी तिच्याकडे बघत राहिलो. मग म्हणाली, “बकल गार लागतं पोटाला.” आतून कापडाची पट्टी लावली.

तो काढलेला रिव्ह्यू परत लागत नाही. भोंग्याने खरंच प्रयत्न केला. त्याच्या ग्रुपने आपापले पाच स्टार काढून घेतले, काहींनी कुरकुर केली. मग मी भोंग्याला सांगितलं, वस्तूच्या माहितीत पहिल्याच ओळीत लिही: आमच्या जुन्या पट्ट्याचं बकल माणूस वाकला की सुटत होतं. त्याने एक गृहस्थ पडले. जुना पट्टा असेल तर वापरू नका, आम्ही बदलून देतो.

“दाजी, हे वाचून कोण घेईल?”

“लिही.”

त्याने लिहिलं. लिहिताना ओठ हलत होते, आवाज मात्र नाही. एवढा शांत भोंगा मी पहिल्यांदाच पाहिला.

९ एप्रिल

ती ओळ लिहिल्यापासून एकही नवीन पट्टा विकला गेला नाही. बदलून मात्र पाच-सहा गेले.

आज नवा पट्टा घेऊन चष्म्याच्या दुकानात गेलो. वडिलांनी पट्ट्याकडे पाहिलंही नाही. मी तो माझ्याच कमरेला बांधला, त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि त्यांच्या मुलीला म्हटलं, “मला उठवा.”

त्या अवघडल्या. एवढ्या थोराड माणसाला कशा उठवणार! पण मुठी धरल्या. मी पुढे वाकलो.

“असं नाही,” वडील म्हणाले. “मी याहून जास्त वाकलो होतो.”

आणखी वाकलो.

“आता पाय सोडा. नाटक नको, खरंच सोडा.”

सोडले. मुलीने दात-ओठ खाऊन मला धरून ठेवलं. पट्टी हलली नाही.

“आता झटका दे.”

“बाबा!”

“दे म्हणतो ना. रस्त्यात खड्डा सांगून येतो का?”

तिने झटका दिला. माझी बरगडी कळवळली, पण मी तिथेच लटकलेला. “पुन्हा,” ते म्हणाले. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी मुलगी हसायला लागली आणि तिच्या हातातलं बळच गेलं. मी धपकन खुर्चीत बसलो. तेव्हा तेही हसले, पण लगेच गंभीर झाले.

मग बरा हात खुर्चीवरून उचलला आणि म्हणाले, “बांधा.”

मी बांधला. एका बाजूला मुलगी, एका बाजूला मी. ते पुटपुटत होते, “हळू. क्लच हळू. एकदम सोडायचा नाही.” पुढे वाकले. बकल जागच्या जागी. गुडघे थरथरले, मग सरळ झाले आणि ते उभे राहिले. खिडकीच्या गजाला धरून खाली रस्ता पाहिला. “तो बघ,” म्हणाले, “उजवीकडे वळतोय आणि दिवा डावा.”

निघताना त्यांच्या मुलीने मोबाइल हातात घेतला. “मी लिहिते,” म्हणाल्या. “आता चांगलं लिहिते.”

“काही लिहू नकोस,” ते आतून ओरडले. “आजच तर बांधलाय. महिनाभर बघू, मग लिही. जे असेल ते लिही.”

“बरं, बाबा.” त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “त्यांचं बरोबर आहे.”

घरी आलो. हिने विचारलं, “काय म्हणाले?”

“महिनाभर बघू म्हणाले.”

“बरं झालं.” तिने चहा पुढे ठेवला. “मागची मूठ अजून थोडी वर हवी. आईंना वळवताना माझं मनगट दुखतं. सांगू का आणखी?”

“सांग.”

ती समोर बसली आणि सांगायला लागली. मुठीचं, पट्टीच्या रुंदीचं, धुतल्यावर वाळायला लागणाऱ्या वेळाचं. चहा गार झाला. ती सांगतच होती.